पाण्याचा नकाशा काढणारी शाळा

शाळेत मूल काय शिकले, असे विचारले की आपल्याकडे लगेच गुणपत्रिका पुढे केली जाते. गेल्या महिन्यात आम्ही मराठवाड्यातील एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत दिवसभर बसलो. शाळा चौथीपर्यंतची, शिक्षक दोन. मुले बौद्ध वस्तीची, मातंग वस्तीची, तांड्यावरची आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांची. ज्यांची ऐपत आहे त्यांची मुले पिवळ्या बसमध्ये बसून इंग्रजी शाळेत जातात. उरलेल्यांची ही शाळा!

पहिली-दुसरीची मुले फरशीवर बसून चिंचोके मोजत होती. दहा-दहा काड्यांना रबर लावून दशक बांधत होती. पलीकडे तिसरी-चौथीचा परिसर अभ्यासाचा तास चालू होता. विषय होता पाणी. सरांनी पुस्तक मिटून ठेवले होते. आदल्या दिवशी प्रत्येकाला सांगितले होते की, घरापासून पाण्यापर्यंत पावले मोजा, घरात किती हंडे पाणी लागते ते विचारा आणि रस्त्याचा नकाशा काढून आणा. मुलांनी नकाशे आणले, फरशीवर पसरले, एकमेकांना जोडले. बघता बघता खडूच्या रेघांत अख्खे गाव उभे राहिले. मग गुणाकार सुरू झाले. एका खेपेला इतकी पावले, तर सहा खेपांना किती?

तेवढ्यात तिसरीतली एक मुलगी उठली. नकाशावर बोट ठेवून म्हणाली, ‘‘सर, नळाची रेघ चौकातच का थांबली? आमच्याकडं का नाही आली?’’

वर्ग शांत झाला. सर ‘खाली बस’ म्हणू शकले असते. ते म्हणाले, ‘‘हे ग्रामपंचायतीला विचारू या.’’ आणि पुढचा मराठीचा तास अर्जलेखनाचा झाला. मुलांनी आपल्या अक्षरात अर्ज लिहिला. पावलांची बेरीज त्यात घातली, खाली सह्या केल्या. अर्जाचे उत्तर आम्ही गेलो तोवर आले नव्हते. पण त्या मुलीला गणित, भूगोल, भाषा आणि नागरिकशास्त्र एकाच दुपारी कळले. शिक्षण म्हणतात ते हेच नव्हे काय?

हा प्रसंग पाहताना आम्हाला साताऱ्याची शाळा आठवल्याशिवाय राहिली नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव तेथील शाळेच्या दप्तरी नोंदले गेले. त्या मुलाने बसायचे गोणपाट घरून आणायचे आणि संध्याकाळी घरी न्यायचे, कारण शाळेचा नोकर त्याला हात लावणार नव्हता. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचे. शिपाई नसेल तर पाणी नाही. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून सवर्ण मुलांनी ते घाईघाईने बाजूला केले.

फळ्यावर गणित सोडवणे हीसुद्धा वर्गातली कृतीच. पण त्या कृतीतून बाकीची मुले गणित शिकली की अस्पृश्यता शिकली? म्हणून आमचे म्हणणे असे आहे की, ‘कृतीतून शिक्षण’ एवढे म्हणून भागत नाही. कोणती कृती कोणाच्या वाट्याला येते, हे पाहावे लागते. तुमच्या मुलाला विचारा, वर्गात झाडू कोण मारतो? पाहुण्यांना पाणी कोण देतो? गट पाडले की चिठ्ठी कोण वाचतो आणि मागे कोण बसून राहतो? खिचडीच्या पंगतीत शेजारी कोण बसतो? पाठ्यपुस्तकात न छापलेला अभ्यासक्रम तो हाच.

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्राथमिक शिक्षणाचा हिशेब मांडला होता. शाळेत येणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोहोचतात, हे त्यांनी सरकारला सुनावले. त्यानंतर आठच दिवसांनी, २० मार्चला, त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. शाळा आणि पाणी या दोन लढाया त्यांनी वेगळ्या मानल्या नव्हत्या. त्या मुलीने चौकात थांबलेल्या रेघेवर बोट ठेवले, तेव्हा तिनेही त्या वेगळ्या मानल्या नाहीत.

मुलांनी कृतीतून, शोधातून शिकावे, ही कोणा गुरुजींची हौस नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये ते लिहिलेले आहे. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत, हेही त्याच कायद्यात आहे. परंतु २०२३ मध्ये याच राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा गुंडाळून दूरच्या समूह शाळांत मुले नेण्याची योजना पुढे आली. आमचा सवाल साधा आहे. वस्तीतली शाळा उठली तर वस्तीच्या पाण्याचा नकाशा कोण काढणार? आणि बस आली नाही त्या दिवशी सर्वांत आधी घरी कोणाची मुलगी राहणार?

सरकारला विचारताना स्वतःलाही विचारले पाहिजे. आमच्यातला नोकरदार शहरात गेला, त्याची मुले इंग्रजी शाळेत गेली. त्याचा आम्हाला आनंदच आहे. पण ज्या शाळेने त्याला बाराखडी दिली तिच्या छपराची चौकशी त्याने शेवटची कधी केली? जयंतीच्या डीजेला वर्गणी जमते, मग शाळेच्या गणितपेटीला का जमू नये?

कायद्यानेच एक दार उघडे ठेवले आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाव्या लागतात. या समितीची सही घरी पाठवलेल्या कागदावर करू नका. बैठकीला जा. वर्गात तासभर बसा. आपल्या लेकराच्या हातात खडू आहे की झाडू आहे, ते डोळ्यांनी पाहा.

बाबासाहेबांनी ‘शिका’ म्हटले, तेव्हा त्यांना पाठांतर करणारी पोपटांची पिढी नको होती. रेघ इथेच का थांबली, असे विचारणारी मुलगी हवी होती. ती मुलगी तिसरीत शिकते आहे. तिची शाळा टिकवणे आता आपल्या हाती आहे.