आफ्रिकन युनियन : ऐक्याची किंमत कोण मोजणार?

९ सप्टेंबर २०२३ रोजी नवी दिल्लीत आफ्रिकन युनियनला जी-२० गटाचे कायम सदस्यत्व मिळाले. तोवर या गटात आफ्रिका खंडातून दक्षिण आफ्रिका हा एकच सदस्य देश होता. जुन्या महासत्तांची पकड सैल होत असताना आणि चीन, भारत, तुर्कस्तान, आखाती देश आफ्रिकेशी नव्याने व्यवहार जोडत असताना ५५ देशांच्या या संघटनेला तिथे जागा मिळणे न्याय्यच होते. पण सदस्यत्व दुसऱ्यांच्या संमतीने मिळते, वजन मात्र स्वतः कमवावे लागते. सदस्य देशांनी ऐक्यासाठी झळ सोसली तेव्हा आफ्रिकेचा शब्द जगाने ऐकला आणि झळ टाळली तेव्हा ठराव कागदावरच राहिले, असे या संघटनेचा इतिहास सांगतो.

२५ मे १९६३ रोजी आदिस अबाबात ३२ स्वतंत्र देशांनी आफ्रिकन एकता संघटना स्थापन केली. घानाच्या क्वामे एन्क्रुमांना संपूर्ण खंडाचे एक सरकार तातडीने हवे होते. टांगानिकाच्या ज्युलियस न्येरेरेंसह बहुतेकांना टप्प्याटप्प्याने जायचे होते. सरशी दुसऱ्या मताची झाली. सार्वभौमत्व आणि परस्परांच्या कारभारात ढवळाढवळ न करणे ही संघटनेची मूळ तत्त्वे ठरली. पुढच्याच वर्षी कैरोत, वसाहतकाळातून मिळालेल्या सीमा आहेत तशाच मानण्याचा ठराव झाला. त्याने सीमावादांना बराच आवर घातला, पण हस्तक्षेप न करण्याच्या तत्त्वाआड जुलमी राज्यकर्तेही सुरक्षित राहिले. १९९४ मध्ये रवांडात वंशसंहार झाला तेव्हा ही संघटना हतबल ठरली. त्यातूनच २००२ मध्ये डरबनला आफ्रिकन युनियन उभी राहिली. युद्धगुन्हे, वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे घडत असतील तर सदस्य देशात हस्तक्षेप करण्याचा अधिकार तिच्या घटनेच्या चौथ्या कलमात आला.

अधिकार कागदावर आला, तो वापरण्याचे धैर्य आले नाही. डिसेंबर २०१५ मध्ये युनियनच्या शांतता व सुरक्षा परिषदेने बुरुंडीत ५,००० सैनिक पाठवायचे ठरवले; तिथल्या सरकारने विरोध करताच जानेवारीतल्या शिखर परिषदेत राष्ट्रप्रमुखांनी माघार घेतली. लिबियाचे उदाहरण याहून बोचरे आहे. १० मार्च २०११ रोजी युनियनच्या शांतता व सुरक्षा परिषदेने तिथल्या परकीय लष्करी हस्तक्षेपाला विरोध केला. आठवडाभरातच संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत त्या हस्तक्षेपाची वाट मोकळी करणारा ठराव आला आणि दक्षिण आफ्रिका, नायजेरिया व गॅबन या तिन्ही आफ्रिकी सदस्यांनी त्याच्या बाजूने मत दिले. पाश्चात्त्य देशांनी युनियनचा मध्यस्थीचा प्रस्ताव बाजूला सारला हे खरे, पण तो सारणे सोपे कोणी केले, हेही विचारायला हवे. सुरक्षा परिषदेत नकाराधिकारासह दोन कायम जागा मागणाऱ्या खंडाला हा प्रश्न टाळता येणार नाही.

दुसरी कसोटी पैशाची. रवांडाचे अध्यक्ष पॉल कागामे यांच्या जानेवारी २०१७ च्या सुधारणा अहवालानुसार, युनियनच्या कार्यक्रमांचा ९७ टक्के खर्च बाहेरचे देणगीदार उचलत होते. शिखर परिषदेने संमत केलेल्या १,५०० हून अधिक ठरावांपैकी किती अमलात आले, हे समजायची सोपी सोय नाही, असेही त्यात म्हटले होते. २०१६ मध्ये किगालीत ठरले होते की प्रत्येक देशाने ठराविक आयातीवर ०.२ टक्के आकारणी करून तो पैसा युनियनला द्यावा. काही देशांनी ती लागू केली, अनेकांनी नाही.

गरीब देशांकडून ही अपेक्षा अन्यायाची आहे, असा आक्षेप घेतला जातो. कर्जाचा बोजा आणि कच्च्या मालाच्या निर्यातीवरचे अवलंबित्व पाहता तो पोकळ नाही. पण वर्णभेदाविरुद्धचा लढा आठवावा. दार-ए-सलामच्या मुक्ती समितीमार्फत नवस्वतंत्र देशांनी स्वातंत्र्य चळवळींना मदत केली. झांबियाने गोऱ्यांच्या राजवटीखालील ऱ्होडेशियातून जाणारा आपला व्यापारमार्ग बंद ठेवून मोठे नुकसान सोसले. ते देशही तेव्हा श्रीमंत नव्हते. दुसरा आक्षेप असा की इतक्या भिन्न देशांचे एकमत अशक्य आहे. प्रत्येक बाबतीत ते लागतही नाही. कोविडकाळात युनियनच्या पुढाकाराने मार्च २०२१ मध्ये २२ कोटी लसमात्रांचा एकत्रित करार झाला. २०१८ च्या मुक्त व्यापार करारावर एरिट्रिया सोडून सर्व सदस्यांनी सह्या केल्या आहेत. मोजक्या विषयांत एकत्र सौदा करणे शक्य आहे, हे यातून सिद्ध होते.

बाहेरच्या सत्ता फूट पाडतात, हा तिसरा आक्षेपही खरा आहे, पण फुटायचे की नाही हे शेवटी राजधान्यांमध्येच ठरते. माली, गिनी, नायजर इथल्या लष्करी सत्तापालटांनंतर युनियनने त्या देशांचे सदस्यत्व निलंबित केले. २०२१ मध्ये चाडमध्ये लष्करी मंडळाने सत्ता घेतली तेव्हा मात्र केले नाही. नियम माणूस पाहून लावला की त्याचा धाक उरत नाही. बदलत्या जगात आफ्रिकेला नेतृत्व करायचे असेल, तर सदस्य देशांनी वर्गणी वेळेवर भरावी, जागतिक व्यासपीठावर ठरल्याप्रमाणे मत द्यावे आणि सत्ता बळकावणाऱ्या प्रत्येकाला एकच न्याय लावावा. यांतल्या एकाही गोष्टीसाठी वॉशिंग्टन, बीजिंग किंवा दिल्लीची परवानगी लागत नाही.