धानाच्या मुलखातली शुगर

प्रौढ वयात जडणाऱ्या मधुमेहात, म्हणजे 'टाइप २' मध्ये, शरीरात इन्सुलिन तयार होत असते, पण यकृत आणि स्नायू त्याला पुरेशी दाद देत नाहीत. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओतून काही वर्षे निभावून नेते आणि मग तेही थकते. जेवणातल्या पिष्टाची साखर रक्तातच तुंबून राहते. म्हणून ताटात काय आणि किती, हा प्रश्न इथे पथ्याचा न राहता उपचाराचाच भाग होतो.

चंद्रपूर-गडचिरोलीत तो प्रश्न भातापासून सुरू होतो. वरोरा, राजुरा, कोरपना हा पट्टा कापसाचा, तिथे ज्वारीची भाकर अजून टिकून आहे. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली आणि वैनगंगेपलीकडचा गडचिरोली जिल्हा मात्र धानाचा. या झाडीपट्टीत दोन्ही वेळच्या ताटात भाताचा ढीग आणि सोबत पातळ वरण नाहीतर रस्सा असतो. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम पिष्ट आणि जेमतेम ७-८ ग्रॅम प्रथिने असतात. रोवण्याच्या चिखलात दिवसभर वाकणाऱ्या माणसाला २०० ग्रॅम तांदळाचा भात सहज पचायचा. आता कापणीला हार्वेस्टर आणि बाजाराला मोटरसायकल आली. ढीग मात्र तेवढाच राहिला.

तांदूळही बदलला. पूर्वी मुसळाने कांडलेल्या तांदळावर कोंड्याचा थर बऱ्यापैकी राहायचा. गिरणीचा पॉलिश तांदूळ म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. नागभीड तालुक्यातील नांदेडचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८० च्या दशकात 'पटेल ३' मधून निवडून घेतलेला एचएमटी हा बारीक तांदूळ देशभर गेला. बारीक तांदूळ वाईट आणि जाड चांगला, असे मात्र नाही. वाण, पॉलिश आणि शिजवण्याची पद्धत यांवर साखर किती झपाट्याने चढेल ते ठरते. उसना तांदूळ साधारणतः थोडा सावकाश पचतो. शिळ्या थंड भातातले काही पिष्टही पचायला जड होते, पण तो फरक लहान आहे. त्याच्या भरवशावर दुसरा वाढा घेता येत नाही. रेशनवर तांदूळ जानेवारी २०२३ पासून फुकट मिळतो, डाळ मात्र विकत घ्यावी लागते. गरिबाच्या ताटात भात का वाढतो, याचे उत्तर बरेचसे इथेच आहे, आणि 'भात सोडा' हा सल्ला देणाऱ्याला ते ठाऊक असायला हवे.

मधुमेह जाड माणसालाच होतो, हा समजही या भागात धोक्याचा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासांतून दिसले की, भारतीय बाळे वजनाने कमी असूनही त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असते. वरून किडकिडीत दिसणाऱ्या माणसाच्या पोटात आणि यकृतात ती चरबी साठू शकते. शिवाय कुपोषणाशी जोडलेला मधुमेह वेगळाच. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये त्याला 'टाइप ५' म्हणून मान्यता दिली. त्यामुळे आधीच सडपातळ असलेल्याचे वजन आपोआप घटत असेल तर खाणे तोडण्याआधी क्षयरोगासह इतर कारणे तपासायला हवीत.

आहार किती बदलायचा याचा अंदाज आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाने दिला आहे. १८,०९० प्रौढांच्या आहाराच्या माहितीवरून २०२२ मध्ये निघालेली शिफारस अशी: नव्याने निदान झालेल्यांनी एकूण उष्मांकांपैकी पिष्टमय पदार्थांचा वाटा ४९ ते ५४ टक्क्यांवर आणावा, प्रथिनांचा १९-२० टक्क्यांपर्यंत वाढवावा. झाडीपट्टीच्या भाषेत सांगायचे तर ढिगाच्या जागी एक वाटी भात, आणि वरण पळीतून सहज न सांडणारे, घट्ट. भाताची रिकामी जागा भरायला ओट्स आणावे लागत नाहीत. धानानंतर त्याच ओलीवर हरभरा, मूग, उडीद येतात, बांधावर पोपटाच्या शेंगा लागतात. पावसाळ्यात तरोट्याची कोवळी भाजी, बांबूचे वास्ते म्हणजे कोवळे कोंब, जंगलातल्या सात्या म्हणजे अळंबी. बोडीतले, म्हणजे छोट्या तळ्यातले मासे, सुकवलेले झिंगे. थंडीत जवसाची चटणी. भाजी आणि मासा आधी खाऊन भात शेवटी घेतला तर जेवणानंतरची साखर कमी चढते. लाखोळीच्या डाळीत प्रथिने भरपूर, पण तीच मुख्य अन्न म्हणून महिनोन्महिने खाल्ली तर पाय लुळे पडण्याचा धोका असतो. तिला इतर डाळींच्या जोडीनेच जागा द्यावी.

भाताऐवजी भाकर घेतली की सुटलो, हेही खरे नाही. ज्वारीत १०० ग्रॅमला ७० ग्रॅमच्या आसपास पिष्ट असतेच. फायदा आहे तो तंतूंचा, आणि भाकरी मोजून खाता येते याचा. भाताचे मोजमाप सहसा कोणी करत नाही.

चावून खाण्याच्या सल्ल्याला इथे एक अडथळा आहे, तो म्हणजे खर्रा. सुपारी-तंबाखूच्या या मिश्रणाने तोंडाच्या आतली कातडी कडक होत जाते, तोंड पुरेसे उघडत नाही, तिखट सोसत नाही. अशा माणसाला कच्ची काकडी, भाकरी, शेंगा जमत नाहीत आणि तो पुन्हा मऊ भाताकडेच वळतो. त्याचा आहारोपचार खर्रा सोडण्यापासून सुरू होतो.

वजन जास्त असलेल्यांना आहाराने किती फरक पडू शकतो, हे ब्रिटनमधील 'डायरेक्ट' चाचणीने २०१७ मध्ये दाखवले. मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्यांना काही महिने रोज सुमारे ८५० उष्मांकांचा आहार दिला. वर्षाअखेर ४६ टक्के लोक औषधांविना मधुमेहाच्या मर्यादेखाली आले. दोन वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर उतरले, कारण घटलेले वजन टिकवणे अवघड. महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकार आणि त्यांच्यानंतर डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दोनदाच जेवण्याची पद्धत घरोघरी नेली. पण साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण एकाएकी कमी केले, तर साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. आधी डॉक्टरांकडून मात्रा जुळवून घ्यावी लागते. उपाशीपोटी मोहाची दारू घेतल्यास धोका आणखी वाढतो, कारण दारूमुळे यकृत साखर सोडेनासे होते. जांभळाच्या बियांची पूड या भागात घरोघरी असते. तिच्या जोरावर गोळ्या बंद करण्याइतका पुरावा नाही.

बदलाचा परिणाम मोजताना या दोन जिल्ह्यांत एक खाचखळगा आहे. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी लाल रक्तपेशींच्या आयुष्यावर बेतलेली असते. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णात या पेशी लवकर मरतात, त्यामुळे साखर जास्त असूनही अहवाल चांगला दिसू शकतो. सिकलसेलच्या वाहकांमध्येही काही यंत्रांवर आकडा चुकतो. सिकलसेल इथे बऱ्याच कुटुंबांत आहे. म्हणून अशा व्यक्तीने उपाशीपोटीची आणि जेवल्यावर दोन तासांनीची साखर तपासावी: निदानासाठी उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर ही मर्यादा धरतात. गरज पडल्यास फ्रुक्टोसामाइन ही चाचणी करता येते. तिचा लाल पेशींशी संबंध नसतो.