पोटाचं दुखणं आईकडून येतं का?



“माझ्या आईचं पोट असंच होतं, आता लेकीचंही तसंच. हे रक्तातूनच येतं का?” गटाच्या बैठकीत हा प्रश्न हमखास निघतो. त्याच्या मागे दुसरा प्रश्न दबलेला असतो: सोयरीक जमवताना हे सांगायचं की झाकायचं?

आधी दुखणं ओळखू. पोटात कळ येते, कधी जुलाब, कधी चार दिवस खडा. पोट फुगतं. एसटीत बसायच्या आधी दोनदा परसाकडं जावं लागतं. तपासणीत मात्र जखम नाही, सूज नाही. डॉक्टर याला आयबीएस म्हणतात. आतडं धड दिसतं, पण आतडं आणि मेंदू यांच्यातला निरोप बिघडलेला असतो. थोडा वायू धरला तरी मेंदूला ती कळ वाटते.

आता रक्ताचं. जनुकं म्हणजे शरीर कसं चालवायचं याच्या सूचना, निम्म्या आईच्या, निम्म्या बापाच्या. अमेरिकेत जुळ्या भावंडांची पाहणी झाली, ती 2001 साली छापून आली. हुबेहूब जुळ्यांची जनुकं सारखीच असतात. तरीही एकाला आयबीएस असेल तर दुसऱ्यालाही असणं शंभरात सतराच्या आसपासच निघालं. हुबेहूब नसलेल्या जुळ्यांत ते आठ होतं. म्हणजे जनुकांचा हात आहे, पण सगळा खेळ त्यांचा नाही. त्याच पाहणीत, हुबेहूब नसलेल्या जुळ्यांपैकी ज्यांना हा त्रास होता, त्यांच्या जुळ्या भावंडापेक्षा आईला तो असण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त होतं. आईशी आणि भावंडाशी जनुकं सारखीच निम्मी जुळतात. मग हा फरक घरातल्या राहणीतून, दुखण्याकडे बघण्याच्या सवयीतून येत असावा. यावरून आईला बोल लावायला कुणी बसेल, तर त्याला गप्प करा. बापाचीही निम्मी जनुकं आहेतच की!

2021 साली मोठा अभ्यास आला. आयबीएसच्या 53,400 रुग्णांची जनुकं निरोगी माणसांशी ताडून पाहिली. सहा जागा सापडल्या. एकेका जागेचा वाटा अगदी लहान. त्यातल्या बऱ्याच जागा चिंता आणि उदासीच्या आजारांशीही जोडलेल्या आहेत. आम्हाला हे फार मोलाचं वाटतं. कारण “काळजी करते म्हणून पोट बिघडतं, मनाचे खेळ आहेत” असं बायांना सर्रास ऐकवलं जातं. अभ्यास सांगतो की दोन्हींची मुळं काही अंशी एकच आहेत, मज्जातंतूंत.

शिवाय जोराची हगवण-ओकारी होऊन गेल्यावर दहा जणांमागे साधारण एकाला पुढे आयबीएस जडतो. तिथे प्रश्न पिण्याच्या पाण्याचा.

जनुकांची तपासणी करून आयबीएस दाखवतो असं कुणी म्हणालं, तर पैसे देऊ नका. अशी उपयोगी तपासणी आज नाही. आणि सोयरिकीचं म्हणाल, तर या दुखण्याने आतडं सडत नाही, कॅन्सर होत नाही, मूल होण्यात अडचण येत नाही.

मात्र शौचातून रक्त, वजन उतरणं, ताप, अंगात रक्त कमी, झोपेतून उठवणारी कळ, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यांतलं काही असेल तर त्याला आयबीएस समजून घरी बसू नका. आशाताईंना सांगा, दवाखान्यात जा. घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.