पाऊस पडतो डोंगरावर, पाणी राहतं पायथ्याला : डोंगरपट्ट्यातल्या विहिरी होळीआधीच का आटतात?

जिंतूर : परभणी जिल्हा म्हटलं की लोकांना गोदाकाठची काळी जमीन आठवते. पण आपल्या जिल्ह्याला दोन बाजूंनी डोंगर आहे. उत्तरेला जिंतूर तालुक्यात अजिंठ्याच्या रांगेचे फाटे येतात, तर दक्षिणेला गंगाखेड तालुक्यात बालाघाट. या डोंगरांच्या माथ्यावर आणि उतारावर छोटी गावं आहेत, वाड्या आहेत, तांडे आहेत. पावसाळ्यात तिथं गेलं की सगळं हिरवंगार दिसतं. तेच गाव फेब्रुवारीत बघा. विहिरीच्या तळाला चिखल, हापशाला नुसती हवा, आणि बाया घागरी घेऊन खालच्या रानात उतरलेल्या.

आणि खाली काय आहे? जिंतूर तालुक्यातच पूर्णा नदीवर येलदरी धरण आहे. त्याची एकूण साठवण क्षमता ९३४ दशलक्ष घनमीटर. परभणी शहर हेच पाणी पितं. माथ्यावरच्या माणसाला उन्हाळ्यात ते पाणी डोळ्यांनी दिसतं, पण घागरीत येत नाही. लोक म्हणतात, "आमच्याकडं पाऊसच कमी." खरंच तसं आहे का? आधी हिशेब करू.

हिशेब काय सांगतो

एक हेक्टर रानावर एक मिलिमीटर पाऊस पडला की १० हजार लिटर पाणी पडतं. समजा गावाचं शिवार ५०० हेक्टर आहे आणि वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर. आपल्या जिल्ह्याची सरासरी यापेक्षा जास्तच आहे, पण कमीच धरू. तरी त्या शिवारावर वर्षाला ३५० कोटी लिटर पाणी पडतं.

आता गरज बघा. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर धरतात. हजार माणसांच्या गावाला वर्षाला २ कोटी लिटर लागतात. ४०० जनावरं, एकाला रोज ५० लिटर धरले तर आणखी ७३ लाख. म्हणजे माणसं-जनावरं मिळून पावणेतीन कोटी. बरंचसं पाणी पिकं, गवत आणि ऊन घेऊन जातं हे खरं. तरीही शंभर घागरी पडल्या तर त्यातली एक घागर जरी गावात थांबली, तरी पिण्याचा प्रश्न सुटतो. मग ती एक घागरसुद्धा का थांबत नाही?

खाली खडक कसा आहे

आपला बहुतेक मराठवाडा काळ्या पाषाणावर बसलेला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस एकावर एक थरांनी पसरला आणि थंड झाला. हे थर सारखे नाहीत. वर मुरूम, त्याखाली भेगा पडलेला खडक, कुठं भोकं-भोकं असलेला सच्छिद्र थर, आणि मध्ये ठोस काळा पाषाण. पाणी राहतं ते मुरमात, भेगांत आणि सच्छिद्र थरात. ठोस पाषाणात पाणी शिरत नाही.

सपाट भागात मुरलेलं पाणी बऱ्यापैकी जागेवर थांबतं. डोंगरावर तसं होत नाही. एक तर माती पातळ, वीतभर खणलं की मुरूम. दुसरं, उतार. पाऊस पडला की बरंच पाणी मातीसकट ओढ्याला लागतं. जे मुरतं ते खाली जातं, ठोस पाषाणाला अडतं, आडवं सरकतं आणि डोंगराच्या कडेतून झरा होऊन बाहेर पडतं. आपण दसऱ्यापर्यंत जे झरे वाहताना बघतो, ते माथ्यावरच्या विहिरीचंच पाणी खाली निघालेलं असतं. डोंगरातली विहीर म्हणजे बुडाला फट असलेला रांजण. वरून भरतो, पण टिकत नाही.

बोअरचा नाद

विहीर आटली की माणूस बोअर घ्यायला बघतो. मी पण घेतला. आमचं रान डोंगराच्या कडेला आहे. पानाड्यानं नारळ फिरवून जागा दाखवली. ३८० फुटांपर्यंत गेलो, वर आला तो नुसता फुफाटा. गाडीवाला म्हणाला, आणखी शंभर फूट जाऊ. मी हात जोडले. त्या बोअरचं कर्ज फेडायला दोन वर्षांची सोयाबीन गेली.

नंतर कळलं ते असं. ठोस पाषाणात खोल गेलं म्हणून पाणी वाढत नाही. एखादी भेग लागली तर लागते, नाहीतर पैसे मातीत. आणि लागली तरी ते पाणी बहुधा शेजारच्या विहिरीचंच असतं. म्हणूनच पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर-बोअर घेऊ नये, असं बंधन राज्यात १९९३ च्या कायद्यापासून आहे. गावात हे किती जणांना माहीत असतं? उद्भवाजवळ दोन बोअर झाले की नळयोजनेची टाकी नुसती शोभेला उरते.

पाण्यामागं माणूस जातो

विहिरीनं साथ सोडली की रब्बी होत नाही. रब्बी नाही म्हणजे दिवाळीनंतर हाताला काम नाही. मग मुकादमाची उचल आणि कोयता. डोंगरपट्ट्यातली घरंच्या घरं ऊसतोडीला जातात ती चैतातच परततात. मागं राहतात म्हातारी माणसं. लेकरांची शाळा मध्येच तुटते, त्यातही पोरीची आधी. तेव्हा विहीर आटणं हा फक्त पाण्याचा प्रश्न नाही.

काम कुठून सुरू करायचं

उपाय नवा नाही. पाणलोटाची माणसं वर्षानुवर्षं एकच सांगतात : माथ्यापासून पायथ्याकडं या.

१) माथ्यावर, गायरानात सलग समतल चर खोदा. धावणारं पाणी तिथंच मुरतं.
२) उताराच्या रानांना बांधबंदिस्ती करा. पेरणी आडवी करा.
३) ओढ्याच्या वरच्या भागात दगडी बांध घाला.
४) सिमेंटचा बंधारा आणि तलाव सगळ्यात शेवटी.

बऱ्याच ठिकाणी होतं उलटं. सिमेंटचा बंधारा आधी होतो, कारण तो दिसतो आणि त्याचं बिल मोठं असतं. वरची माती न अडवल्यामुळं दोन-तीन पावसाळ्यांत तो गाळानं भरतो. मग आपण म्हणतो, योजना वाया गेली. योजना वाया गेली नाही, क्रम चुकला.

क्रम धरला तर काय होतं, ते आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यात कडवंचीला जाऊन बघा. तिथं १९९६ पासून माथा ते पायथा काम झालं. पुढं शेततळी आली, आणि आज ते गाव द्राक्षांसाठी ओळखलं जातं. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत असं ठरवलं आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं निवडली. दोन्ही गावांना हे एका वर्षात जमलं नाही. चराई बंद ठेवावी लागली, भांडणं झाली असतील, पण गाव एका जागी बसलं.

पीकही रान बघून घ्यावं. बरड रानात लांब मुदतीची तूर शेवटाला पाण्याला येते. आपल्या कृषी विद्यापीठाची बीडीएन-७११ ही तूर लवकर निघते. बांधावर, उतारावर सीताफळ हे तर आपल्या डोंगराचंच झाड आहे.

आता ग्रामसभेत काय विचारायचं

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. या चार ग्रामसभांना तरी जा आणि तीन गोष्टी विचारा. आपल्या शिवारात माथ्यावर किती काम झालं? पिण्याच्या विहिरीच्या ५०० मीटरमध्ये किती बोअर आहेत? भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून जागा तपासून घेतल्याशिवाय पुढची विहीर मंजूर करायची का? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या.

येलदरीचं पाणी डोंगरावर चढवायला पंप लागतो, वीज लागते, मोठा निधी लागतो. ते मिळालं तर चांगलंच. पण डोंगरावर पडणारं पाणी आधीच वर आलेलं आहे, ते फुकट चढलेलं आहे. त्याला खाली जाऊ द्यायचं की थांबवायचं, हे ठरवायला पाऊस पडायच्या आधीचा उन्हाळा आपल्या हातात असतो.