रद्दीतून उभे राहणारे अवकाशातील आरमार

२४ जानेवारी २०२१ रोजी फ्लोरिडाहून झेपावलेल्या फाल्कन ९ अग्निबाणातून नासाचा पीटीडी-१ हा छोटा उपग्रह कक्षेत गेला. त्याचा आकार न्याहारीच्या सीरियलच्या खोक्याएवढा. पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजनमध्ये विघटन करून त्यांच्या ज्वलनावर चालणारे त्याचे इंजिन बॉथेलच्या टेदर्स अनलिमिटेड या कंपनीने घडवले होते. सिएटलच्या ईशान्येला, सामामिश नदीकाठी वसलेल्या या शहरात आणि लगतच्या रेडमंड-कर्कलंड परिसरात मराठी अभियंत्यांची वस्ती आहे. त्यांच्या घरांतून सीरियलचे रिकामे खोके नित्यनेमाने पुनर्वापराच्या डब्यात जातात. त्याच खोक्याचा पुठ्ठा, बाटल्यांची दोन-चार झाकणे आणि दाढीच्या जुन्या रेझरची मूठ एवढ्या सामग्रीतून निराळ्या जातीचे अवकाशयान घडवता येते. ते उडत नाही. जेवणाच्या टेबलावर पसरलेल्या काळ्या कापडावर ते लढते.

टेबलावर मांडायच्या युद्धखेळांची परंपरा जुनी आहे. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम घालून दिले. पुढे न्यूयॉर्कमध्ये लेखक फ्लेचर प्रॅट आणि त्यांची मित्रमंडळी लाकडात कोरलेल्या युद्धनौका जमिनीवर मांडून आरमारी लढाया खेळत. समुद्राची जागा अवकाशाने घेतली तेव्हा नौकांची जागा यानांनी घेतली, इतकेच. ब्रिटनच्या जॉन टफ्ली यांचा ‘फुल थ्रस्ट’ हा १९९०च्या दशकारंभीचा खेळ या छंदाला विशेष मानवला, कारण अमुकच कंपनीचे यान हवे अशी त्याची अट नाही. दोन्ही पक्ष आपल्या यानांच्या हालचाली आधी गुपचूप कागदावर लिहितात आणि मग एकदम अमलात आणतात. मागच्या फेरीतला वेग पुढच्या फेरीत कायम राहतो. तो वाढवायचा किंवा घटवायचा तर इंजिनाची शक्ती खर्ची घालावी लागते. जडत्वाचा नियम दहा वर्षांच्या मुलाला शिकवण्याचा याहून सोपा मार्ग सापडणे कठीण.

टाकाऊ वस्तूंतून यान करणे हा गरिबीचा उपाय आहे, असा एक समज आढळतो. तो खरा नाही. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’मधील यानांच्या पृष्ठभागावर दिसणारे असंख्य बारीक उंचवटे बाजारात मिळणाऱ्या रणगाडे व मोटारींच्या प्लास्टिक संचांतले सुटे भाग आहेत. ल्यूक स्कायवॉकरच्या प्रकाशखड्गाची मूठ म्हणजे ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशची नळी. १९९९च्या चित्रपटात क्वाय-गॉनच्या हाती जे संदेशयंत्र दिसते, ते स्त्रियांसाठीच्या जिलेट रेझरवरून बनवलेले. अशा निरर्थक पण गुंतागुंतीच्या दिसणाऱ्या तुकड्यांना कारागीर ‘ग्रीबल’ म्हणतात. त्यांचे काम एकच: पाहणाऱ्याला वस्तू प्रचंड मोठी आहे असे वाटायला लावणे.

सारी मेख या आकाराच्या आभासात आहे. दिवाळीत अंगणात किल्ला केलेल्या कोणालाही ती चटकन उमगेल. दगड-विटांवर पोते टाकून, चिखल थापून, अळीव पेरून केलेला तो किल्ला कितीही देखणा झाला, तरी महादरवाजापेक्षा उंच मावळा त्यावर उभा केला की डोंगराचे ढिगाऱ्यात रूपांतर होते. यानाचेही तसेच. चार इंची यानावर बोटाच्या पेराएवढी खिडकी बसवली तर ते रिक्षाएवढे वाटते. सुईच्या टोकाने टोचलेल्या ठिपक्यांची रांग काढली तर तेच यान एखाद्या शहराएवढे होते. म्हणून अनुभवी कारागीर आधी खिडकीचे माप ठरवतो आणि मग उरलेल्या साऱ्या भागांना त्या मापाशी इमान राखायला लावतो.

भारतीय घरात या कामाला उपयोगी पडणाऱ्या वस्तू काही कमी नसतात. काडेपेटीचे आतले खण हे तयार मालवाहू कप्पे. संपलेल्या बॉलपेनची स्प्रिंग आणि रिफिलची नळी म्हणजे इंजिनाला जाणारे इंधनवाहक. मार्करचे टोपण हा इंजिनाचा नळा, दातांच्या दोऱ्याची डबी हा जहाजाचा मधला देह, आणि बारीक गोल टिकल्या म्हणजे यानाच्या अंगावरची झाकणे व दारे. टिकलीला मागून गोंद असतोच. फक्त कडेवर पातळ गोंदाचा एक हात द्यावा, म्हणजे रंगवताना ती निघत नाही. सीरियलच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या वेगवेगळ्या मापांत कापून एकमेकींशेजारी चिकटवल्या की पोलादी पत्र्यांचे कवच तयार होते. मात्र पट्ट्या सर्वत्र सारख्याच दाटीने लावू नयेत. काही भाग मोकळा राहिला तरच गजबजलेला भाग नजरेत भरतो.

नवख्यांची पहिली फजिती बहुधा गोंदापाशी होते, आणि तिचे कारण रसायनशास्त्रात आहे. प्लास्टिकच्या वस्तूच्या तळाशी त्रिकोणात एक अंक कोरलेला असतो. ६ म्हणजे पॉलिस्टायरिन. खेळण्यांच्या संचांसाठी मिळणारे प्लास्टिक सिमेंट त्याचा पृष्ठभाग विरघळवून दोन तुकडे अक्षरशः एकजीव करते. २ आणि ५, म्हणजे पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन, ही मात्र हट्टी प्लास्टिके. बाटल्यांची बहुतेक झाकणे त्यांचीच असतात, आणि त्यांना ना गोंद नीट धरतो ना रंग. अशी झाकणे साबणाने धुवावीत, खरकागदाने खरबरीत करावीत आणि शक्य तेथे आतून तार किंवा कागदाची टाचणी घालून जोडावीत. थर्मोकोलचे प्रकरण उलटे आहे. ते रसायनदृष्ट्या पॉलिस्टायरिनच. पण सुपरग्लू किंवा फवाऱ्याचा रंग थेट पडला की ते डोळ्यांदेखत खचून जाते. त्यावर आधी पांढऱ्या गोंदाचा जाड लेप हवा. मेहनतीने केलेले यान रंगाच्या पहिल्याच फवाऱ्याखाली वितळताना पाहिलेला माणूस हा धडा पुन्हा विसरत नाही.

रंगकाम हा खरा जादूचा टप्पा. पाच ठिकाणांहून आलेले पाच रंगांचे तुकडे एकाच करड्या प्राइमरखाली गेले की त्यांचा पूर्वेतिहास पुसला जातो. टोपण टोपण राहत नाही. बॉथेलकरांना येथे एक अडचण आहे. शरदापासून वसंतापर्यंत पाऊस आणि दमट हवा पाठ सोडत नाहीत, आणि अशा हवेत फवारलेल्या रंगावर पांढुरकी धुरकट छटा येते. कोरडा दिवस गाठून, मोकळ्या हवेत फवारणे उत्तम. नाहीतर कुंचल्याने लावायचा ॲक्रिलिक प्राइमर वापरावा. प्राइमर सुकल्यावर पाणी घातलेला गडद रंग सर्वांगावर सोडावा, म्हणजे तो खाचांत उतरतो. मग कुंचला जवळजवळ कोरडा करून फिकट रंग केवळ उंचवट्यांवरून फिरवावा. दहा मिनिटांच्या या कृतीने यान शंभर लढाया पाहिल्यासारखे दिसू लागते.

खेळात यान उभे राहते ते एका दांडीवर. लाकडी चकतीत खिळा किंवा जाड तार ठोकून आधार करता येतो. चकतीखाली नाणे चिकटवले की तो कलंडत नाही. अंतरे बहुधा या दांडीपासून मोजली जातात, त्यामुळे यानाचा आकार वेडावाकडा असला तरी खेळात अन्याय होत नाही. पुढची बाजू कोणती हे मात्र लांबूनही कळले पाहिजे. कोणत्या तोफेचा मारा कोणत्या दिशेला, हा वाद तिच्यावरूनच मिटतो.

त्रिमितीय छपाईयंत्रे घरोघरी आल्यावर हा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. शिवाय काही स्पर्धांत कंपनीचीच याने लागतात, तेथे झाकणांच्या आरमाराला प्रवेश नाही. पण यंत्राला आधी काय हवे ते सांगावे लागते. इथे वस्तूच सुचवते की तिचे काय होऊ शकेल, आणि ते ऐकू येण्यासाठी ती हातात फिरवून पाहावी लागते. आयआयटी कानपूरचे अभियंते अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षे कचऱ्यातून खेळणी करून मुलांना विज्ञान शिकवले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांत मुलाला वस्तू मोडायची भीती नसते, कारण ती मुळात फेकायचीच होती. हजारो डॉलरचे शैक्षणिक संच ज्या घरांत सहज येतात, तेथील मुलांना नेमकी हीच मोकळीक क्वचित मिळते. अर्थात पाते आणि सुपरग्लू मोठ्यांच्याच हाती असावे, आणि घासताना उडणारी प्लास्टिकची धूळ नाकात जाऊ नये म्हणून मुखपट्टी बांधावी.

घरातली खरी लढाई वेगळीच असते. प्रत्येक झाकण ‘उपयोगी पडेल’ म्हणून साठू लागले की गॅरेजचे भंगारवाल्याचे दुकान व्हायला वेळ लागत नाही. त्यावर अनुभवी मंडळींनी काढलेला तोडगा सोपा आहे: बुटांचा एकच खोका, तो भरला की नवी वस्तू घेण्याआधी जुनी एक वापरायची किंवा टाकायची. आणि पहिले यान युद्धनौकेचे न करता मालवाहूचे करावे. मालवाहू जहाज ओबडधोबड असलेलेच शोभते, आणि लढाईत कोणाला तरी त्याचे रक्षण करावेच लागते.