शेजारचा कुत्रा दिवसभर रडतो, आपण काय करायचं?

कुत्रा पाळणं ही पूर्वी बंगलेवाल्यांची हौस होती. आता दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्येही लॅब्रेडॉर असतो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत अल्सेशियन! २०२० सालच्या टाळेबंदीत तर कितीतरी घरांत पिल्लं आली. माणसं सगळी घरात, मुलांना शाळा नाही. त्या पिल्लाचं कौतुक सकाळपासून रात्रीपर्यंत चालायचं. मग ऑफिसं उघडली, शाळा उघडल्या आणि ते बिचारं सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत एकटं कोंडलं गेलं. त्याचं रडणं त्याच्या घरच्यांना ऐकू येत नाही, कारण ते घरात नसतातच. ऐकतो आपण! दुपारी घरात असणाऱ्या आपण बायका.

अशा वेळी आपल्यात दोन तट पडतात, पाहा. एक म्हणतो, "जाऊ दे ना, त्यांचा कुत्रा, त्यांचं घर. उगाच शेजाऱ्यांशी वैर कशाला?" दुसरा एकदम जिन्यात उभा राहून आवाज चढवतो, नाहीतर सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर फोटो टाकून मोकळा होतो. पहिल्या वाटेनं कुत्र्याचे हाल चालूच राहतात. दुसऱ्या वाटेनं माणसं चिडतात आणि तो राग पुन्हा त्या मुक्या जिवावरच निघतो. मैत्रिणींनो, या दोन्हींच्या मधली एक वाट आहे. ती जरा सावकाशीची आहे, पण बहुतेक वेळा तीच कामाला येते.

आधी नीट पाहा

कुत्रा भुंकतो म्हणजे त्याचा छळच होतो, असं नाही. माझ्या ओळखीच्या एका घरचा म्हातारा कुत्रा इतका खंगला होता की बरगड्या मोजून घ्याव्यात. "उपाशी मारतात मेले!" असं अख्खी बिल्डिंग म्हणायची. त्याला मूत्रपिंडाचा आजार होता आणि त्या घरच्या आजी त्याला दिवसातून चार वेळा हातानं भात भरवत होत्या, हे नंतर कळलं. तेव्हा तोंड उघडण्याआधी डोळे उघडावेत हे बरं.

आणखी एक गोष्ट. काही कुत्र्यांना एकटं राहण्याची खरोखरीच धास्ती असते. घरची माणसं बाहेर पडली की साधारण पहिल्या अर्ध्या तासातच ती रडू लागतात, दार ओरबाडतात, लाळ गाळतात, घरात लघवी करतात. हा खोडकरपणा नव्हे, भीती आहे. घरच्यांनी संध्याकाळी येऊन त्याबद्दल मारलं तर त्याला काहीही उमजत नाही. दुपारच्या गोष्टीचा संध्याकाळच्या माराशी संबंध जोडणं कुत्र्याच्या डोक्यात बसत नाही. थोड्या थोड्या वेळाची सवय लावत गेलं आणि जनावरांच्या डॉक्टरांचा सल्ला घेतला, तर ही भीती बरीच कमी होते. अशा घरचे लोक दुष्ट नसतात. त्यांना हे ठाऊक नसतं, एवढंच.

मग काळजी कधी करायची? चार-पाच दिवस नुसतं लक्ष ठेवा आणि या गोष्टी पाहा:

पाणी आहे का? वीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण एक लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. पातेलं कोरडं किंवा उपडं पडलेलं रोज दिसलं, तर ती काळजीची गोष्ट.

सावली आहे का? आपल्याला अंगभर घाम येतो. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गादीतून, तोही नावापुरता. जीभ बाहेर काढून धापा टाकूनच तो अंग थंड करतो. सकाळी सावलीत असलेली गॅलरी दुपारी दोनला तव्यासारखी तापते, आणि सकाळी नऊला निघून गेलेल्या माणसाला हे कधी दिसतच नाही! चपट्या नाकाच्या पगसारख्या कुत्र्यांना, किंवा बर्फाळ मुलखातल्या दाट केसांच्या हस्कीला तर जळगाव-नागपूरकडचा उन्हाळा जिवावरचाच असतो.

साखळी किती आहे? त्याला आडवं होता येतं का, वळता येतं का? मान सोलली आहे का? अंगावर गोचिडी, वाढलेल्या नख्या, स्वतःच्या घाणीतच बसलेला, असं आहे का?

आणि रडणारा कुत्रा अचानक गप्प झाला, तर हायसं वाटून घेऊ नका. भुंकणाऱ्याच्या अंगात निदान त्राण असतं. कोपऱ्यात पडून राहणारा, हाक मारली तरी मान न उचलणारा कुत्रा जास्त वाईट अवस्थेत असतो.

जे दिसेल ते तारीख-वेळ घालून वहीत टिपून ठेवा. दुधाचा हिशेब ठेवतो तसंच! "रोजच रडतो हो" याला कोणी किंमत देत नाही. "सोमवारी अकरा ते पाच, पाणी नव्हतं" याला देतात.

दाराआड कोण असतं?

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. कुत्रा हवा असतो मुलाला, आणतात वडील, आणि करावं लागतं आईला! आमच्या खालच्या मजल्यावर हेच झालं होतं. मुलाच्या हट्टापायी कुत्रा आला. मुलगा शिकायला पुण्याला गेला. यजमान फिरतीवर. राहता राहिल्या त्या वहिनी. सकाळी डबे करून आठ-वीसची बस गाठायची, संध्याकाळी परत येऊन स्वैपाक, सासूबाईंचं औषधपाणी, आणि त्यातच कुत्र्याला फिरवून आणणं. त्यांना कुत्र्याचा राग नव्हता; पण दिवसाला तास चोवीसच, आणि त्यातला एकही त्यांचा स्वतःचा नाही. म्हणून तो गॅलरीत बांधलेला राही.

त्या बाईंना "तुम्ही मुक्या प्राण्याचे हाल करता" असं कोणी म्हटलं असतं, तर काय झालं असतं? त्यांनी दार लावून घेतलं असतं. मी गेले ती कैरीचं लोणचं घेऊन. म्हटलं, "वहिनी, दुपारी टायगर फार रडतो हो. त्याचं पोटबीट तर दुखत नाही ना? मी साडेबाराला शाळेतून येते, मग घरीच असते. त्याचं पाणी बघत जाऊ का?" त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग त्यांचे डोळेच भरून आले. "मला दिसत का नाही? पण सांगू कोणाला? घरात म्हटलं तर म्हणतात, तूच बघ."

पुढं काय झालं, तेही सांगते. गॅलरीत पोत्याचा पडदा बांधला आणि जड मातीची परात ठेवली, म्हणजे ती उपडी होत नाही. कॉलेजला जाणारा शेजारचा एक मुलगा महिना ठरावीक पैसे घेऊन दुपारी त्याला अर्धा तास फिरवू लागला. एक किल्ली माझ्याकडे आली. आणि मुख्य म्हणजे, पुण्याच्या चिरंजीवांना सुट्टीत आल्यावर आईनं स्पष्ट सांगितलं, "पैसे तुझ्या खर्चातून." हे सगळं पंधरा दिवसांत झालं. कायदा नाही, पोलीस नाहीत, भांडणही नाही.

बोलायचं कसं?

एकटीला गाठून बोला, चारचौघांत नको. संध्याकाळी घरी पाऊल टाकल्याबरोबरही नको, थोडं टेकू द्या. जे पाहिलंत तेवढंच सांगा: "दुपारी ऊन थेट त्याच्या अंगावर येतं, तुम्ही घरी नसता म्हणून तुम्हाला दिसत नसेल." आणि आपल्याला झेपेल ती मदत पुढं करा. रोज नाही जमणार? मग आठवड्यातून दोन दिवस म्हणा. पण तोंडदेखलं म्हणू नका.

एवढ्या-तेवढ्या सूचनाही देता येतात. मोठा कुत्रा चार-पाच तास एकटा सुखानं झोपून काढतो. दहा तास नाही. तीन महिन्यांच्या पिल्लाला तीन-चार तासांहून जास्त लघवी धरवत नाही. बाहेर पडण्याआधी वीस-पंचवीस मिनिटं दमवून आणलेला कुत्रा कमी रडतो. आपण खाऊ द्यायचा असेल तर आधी विचारा. कांदा, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट कुत्र्याला विषासारखी बाधतात आणि शिजवलेली हाडं फुटून घशात-आतड्यात टोचतात. प्रेमानं टाकलेला कांद्याच्या रश्शाचा भातही त्याला बाधू शकतो!

बोलून भागलं नाही तर

सगळीच दारं अशी उघडत नाहीत. काही ठिकाणी "तुम्ही तुमचं बघा" असं उत्तर मिळतं. काही ठिकाणी मारहाणीचे आवाज येतात. मग मात्र मागं हटू नये.

आपल्या देशात १९६० सालापासून प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, आणि त्यामागं एका बाईंची चिकाटी आहे, हे पुष्कळ जणींना ठाऊक नसेल. भरतनाट्यमला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल १९५२ मध्ये राज्यसभेवर गेल्या आणि त्यांनी प्राण्यांच्या छळाविरुद्ध खासगी विधेयक मांडलं. त्याच प्रयत्नांतून पुढं हा कायदा झाला. १९६२ मध्ये प्राणी कल्याण मंडळ स्थापन झालं, त्याच्याही पहिल्या अध्यक्ष त्याच.

या कायद्याच्या अकराव्या कलमात आपल्या कामाच्या गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत. जनावराला मारझोड करणं, फार आखूड किंवा जड साखळीनं तासन्‌तास बांधून ठेवणं, मालकानं पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं, नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं, हे सगळे गुन्हे आहेत. पण खरं सांगायचं तर पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये! शिवाय उपाशी ठेवणं, बांधून ठेवणं हे गुन्हे अदखलपात्र आहेत. पोलिसांना त्यात परस्पर अटक करता येत नाही. आणि खटला तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. वहीतल्या तारखांचं महत्त्व आता कळलं ना? जनावराला ठार मारणं, विष घालणं किंवा जायबंदी करणं याला मात्र १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमानं पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, शक्यतो दोघी-तिघींच्या सह्यांनी. मग प्राणीमित्र संस्था आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार. पोहोच घ्यायला विसरू नका. मुंबईत या कामाची संस्था १८७४ पासून आहे. परळचं बैलघोड्याचं हॉस्पिटल तिचंच. लहान गावात सरकारी गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर सल्ला देतात. कुत्रा डोळ्यांदेखत तडफडत असेल, तर क्रमाची वाट पाहू नका. ११२ ला फोन करा.

आमच्या मागच्या बिल्डिंगमधलं एक कुटुंब चार दिवस लग्नाला गेलं आणि कुत्रा बंद घरात, एका बादलीभर पाण्यावर. तिसऱ्या दिवशी आवाज बंद झाला. तिथल्या बायकांनी कुलूप तोडलं नाही. घरमालकांना फोन लावला, सेक्रेटरींना बोलावलं, पोलिसांना कळवलं. शेवटी पोलिसांसमोर घरमालकांच्या भावानं किल्लीनं दार उघडलं. कुत्रा वाचला, पुढं त्या भावाच्याच मळ्यावर गेला. पण ते कुटुंब आजही त्या बायकांशी बोलत नाही. हीसुद्धा किंमत आहे, आणि ती कधीकधी मोजावी लागते. तिथल्या एक काकू म्हणाल्या ते मला पटलं, "बोलणं बंद झालं ते चालेल. तो आवाज कायमचा बंद झाला असता, तर मला झोप लागली नसती."

हे मात्र करू नका

परक्या घरात परस्पर शिरू नका, कुत्रा सोडून देऊ नका. रस्त्याची सवय नसलेला घरचा कुत्रा गाडीखाली जातो. गजांतून हात घालू नका. भुकेला, घाबरलेला कुत्रा चावतो. चावलाच तर जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्या. हळद-तिखट भरत बसू नका. उन्हानं कोसळलेला कुत्रा हाती आला, तर सावलीत न्या, पोट आणि पंजे साध्या पाण्यानं भिजवा, वारा घाला, लगेच डॉक्टरांकडे न्या. बर्फ लावू नका आणि शुद्धीत नसताना तोंडात पाणी ओतू नका.

आपली मुलं हे सगळं पाहत असतात, बरं का. "मुक्या प्राण्यांवर दया करा" हा धडा मी वर्गात शिकवते, तो मुलं पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. पण आई हातात लोणच्याची बरणी घेऊन शेजारच्या दारात उभी राहिली, न भांडता बोलली आणि दुसऱ्या दिवसापासून त्या गॅलरीत पाण्याची परात दिसू लागली, तर ते कोण विसरेल?