चार दिवसांचा धक्का

नदीकाठाच्या प्रकल्पांची चित्रं कुठलीही घ्या, पाणी निळं असतं. हैदराबादेत अफझलगंजातून नयापुलावर येऊन खाली मुसी नदीकडे पाहणाऱ्याला हा रंग कुठून आणला असा प्रश्न पडतो, पण तो सोडून देऊ. मुसीकाठच्या प्रकल्पाचा खर्च, पाडापाडी, चादरघाट-मूसानगरच्या पाडायच्या घरांच्या भिंतींवरच्या त्या लाल ‘आरबी-एक्स’ खुणा यांवर इतकं छापून आलंय की वाचकांना ते पाठ झालं असेल. मला त्या चित्रांतल्या एका किरकोळ गोष्टीबद्दल लिहायचंय. काठापासून पाण्यात शिरलेली एक फळकुटांची वाट असते आणि तिला बांधलेली पांढरी बोट असते. ही वाट टाकायला परवानगी कोण देतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती काढायला कोण लावतं?

प्रश्न अगदीच हवेतला नाही. जानेवारी २०२४ मध्ये तेलंगणाचे मुख्यमंत्री रेवंत रेड्डी लंडनला गेले तेव्हा पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटीच्या अधिकाऱ्यांना भेटले. बातम्या आल्या त्या थेम्सच्या सौंदर्याच्या. मला विचाराल तर त्या संस्थेकडून शिकण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट तिच्या कपाटातल्या कंटाळवाण्या फायलींत आहे. १९६८ च्या पोर्ट ऑफ लंडन कायद्यानुसार थेम्सच्या पात्रात खांब रोवायचा, तराफा बांधायचा, धक्का जोडायचा, तर या संस्थेचा परवाना लागतो. तुमचं काम चार दिवसांचं असो की चाळीस वर्षांचं, दार एकच.

आपल्याकडे दारं भरपूर. उद्या कोणी हुसेनसागरावर बोटींचं प्रदर्शन भरवायचं म्हणालं तर काय होईल? काठाची बाग आणि रस्ता महानगर विकास प्राधिकरणाकडे (एचएमडीए), प्रवासी बोटी पर्यटन महामंडळाकडे, तलावाची पातळी सांभाळायला पाटबंधारे खातं, पाण्याचा नमुना घ्यायला प्रदूषण नियंत्रण मंडळ, कचरा उचलायला महापालिका, गाड्या अडवायला वाहतूक पोलीस, आणि २०२४ पासून तलावांच्या हद्दींवर नजर ठेवणारी ‘हायड्रा’. प्रत्येक जण आपापल्या तुकड्यापुरतं ‘हरकत नाही’ लिहून देईल. प्रदर्शन संपल्यावर तरंगता धक्का अमुक तारखेला पाण्याबाहेर दिसला पाहिजे, नाहीतर अनामत जप्त, हे वाक्य कोणाच्या कागदावर असेल? माझा अंदाज आहे, कोणाच्याच नाही.

बोटींच्या प्रदर्शनाला धक्का लागतोच का, असं विचारणारे असतात. दरवर्षी पावसाळ्यात हुसेनसागरावर शिडाच्या बोटींच्या शर्यती होतात, त्यांना कुठं लागतो? खरंय. ऑप्टिमिस्ट नावाची मुलांची बोट जेमतेम पस्तीस किलोची, लेझरचा सांगाडा साठ किलोच्या आत. दोन पोरांनी उतारावरून ढकलली की पाण्यात. विकायला मांडलेल्या मोठ्या बोटी मात्र काठावर ठेवून कोणी घेत नाही. गिऱ्हाइकाला आत जाऊन गादीवर बसून बघायचं असतं. म्हणून पाण्यात शेकडो बोटी उभ्या करायच्या आणि त्यांच्यामधून हजारो माणसं चालवायची, यासाठी काही दिवसांचं तरंगतं गावच वसवावं लागतं.

असं गाव वसवण्यावरून मोठं भांडण झालं ते अमेरिकेतल्या मायामीत. तिथलं आंतरराष्ट्रीय बोट प्रदर्शन २०१६ मध्ये व्हर्जिनिया की या बेटावरच्या जुन्या मरीन स्टेडियमपाशी हलवलं गेलं. तात्पुरत्या धक्क्यांसाठी शहर, परगणा आणि राज्य यांच्याबरोबर लष्कराच्या अभियंता दलाचीही परवानगी लागली. तिकडे जलमार्गात काहीही उभारायचं तर १८९९ चा नद्या आणि बंदरांचा कायदा आडवा येतो. पलीकडच्या की बिस्केन गावाचे लोक कोर्टात गेले. रस्ता एकच, तो तुंबणार हा त्यांचा खरा राग. पण कागदावर लढाई झाली ती समुद्रगवताची आणि मॅनेटी नावाच्या संथ पाणगाईची. धक्क्याची सावली पडली की गवताला ऊन मिळत नाही, ते मरतं, मग त्यावर जगणारं मरतं. सावलीला परवाना लागतो ही कल्पना मला फार आवडली. आपल्याकडे सावलीला मंडप म्हणतात आणि तो रस्त्यात टाकतात.

आता या धक्क्यांचं गणित, कारण इथं हौशी लोक फसतात. बाजारात मिळणारा तरंगता धक्का म्हणजे पोकळ प्लॅस्टिकचे डबे एकमेकांत अडकवलेले. एक डबा अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, चाळीस सेंटिमीटर उंच. घनफळ एक दशांश घनमीटर. म्हणजे पार बुडाला तर शंभर किलो पाणी बाजूला सारणार, स्वतःचं वजन वजा केलं तर नव्वदेक किलो उचलणार. चौरस मीटरला चार डबे, म्हणजे साडेतीनशेच्या वर. दाटीनं पाच माणसं उभी राहिली तर त्यांचंच सव्वातीनशे झालं. कागदावर जमतं. पण माणसं कागदावर उभी राहत नाहीत. कुठलीशी नटी पलीकडच्या बोटीवर आली की सगळे एका कडेला धावतात, ती कड बुडते, दुसरी उचलली जाते. म्हणून जाणकार आधी विचारतात की माणसं मोजायला दारावर कोण बसणार, आणि डबे किती हे नंतर.

हैदराबादला हे शिकवायला मायामी नको. १० मार्च १९९० रोजी हुसेनसागरात जे झालं ते पाहिलेले लोक अजून आहेत. साडेतीनशे टनांच्या घरातला अखंड दगडातला बुद्ध तराफ्यावरून तलावातल्या जिब्राल्टर खडकाकडे निघाला आणि तराफा कलंडला. माणसं गेली, मूर्ती तळाला गेली. पावणेतीन वर्षांनी, १ डिसेंबर १९९२ रोजी, तो तिथं उभा राहिला. आज लुंबिनी पार्कातून बोटीनं त्याच्या पायाशी जाणारे पर्यटक सेल्फी काढतात. मूर्ती घडवायला शिल्पी लागला, रस्त्यानं आणायला खास गाडी लागली. घात झाला तो शेवटच्या काही शे मीटरांत, जिथं जमीन संपते आणि तात्पुरतं काम सुरू होतं.

तळाचाही विचार करायला हवा. समुद्रात धक्का जागेवर ठेवायला लोखंडी खांब तळात खुपसतात. हुसेनसागराच्या तळाशी कूकटपल्ली, पिकेट, बंजारा, बलकापूर या नाल्यांनी कित्येक दशकं आणून टाकलेला गाळ आहे. खांब खुपसला की तो ढवळणार. कुजक्या अंड्यांचा वास कुठून येतो हे टँकबंडावर संध्याकाळी फिरणाऱ्यांना सांगायला नको. तेव्हा इथं खांब नकोत. काठाला दोर बांधावेत, फार तर काँक्रीटचे ठोकळे अलगद सोडावेत आणि मोजून परत काढावेत.

कायदा काय म्हणतो? इथं एक गंमत आहे. केंद्राच्या २०१७ च्या पाणथळ नियमांत सरासरी पूरपातळीपासून पन्नास मीटरांच्या आत पक्कं बांधकाम करायला मनाई आहे, आणि त्याच वाक्यात अपवाद आहे तो बोटींच्या धक्क्यांचा. म्हणजे हॉटेल नको, सभागृह नको, धक्का चालेल. पण त्याच नियमांनी पाणथळ जागेच्या व्याख्येतून पिण्याचं पाणी, सिंचन, करमणूक यांसाठी माणसानं बांधलेले तलाव वगळलेत. हुसेनसागर १५६० च्या दशकात इब्राहिम कुली कुतुबशाहाच्या काळात हुसेन शाह वलींनी बांधवला. साडेचारशे वर्षांचा झाला तरी माणसानंच बांधलेला. तेव्हा नियमाचं बोट धरून चालायचं तर वकिलाला दोन्ही बाजूंनी पैसे मिळतील. राहतो तो राज्याचा बांधकाम नियम, मोठ्या तलावाच्या कडेपासून तीस मीटर मोकळे सोडा असं सांगणारा. तो इमारतींसाठी लिहिलेला आहे. तरंगणाऱ्या डब्यांना इमारत म्हणायचं का?

माझं म्हणणं असं की म्हणा किंवा म्हणू नका, काढण्याची तारीख लिहा. हैदराबादेत ‘परसों’ या शब्दाचा अर्थ परवा असा नाही हे बाहेरून आलेल्याला आठवडाभरात कळतं. ‘परसों मिले थे’ म्हणजे परवा, मागच्या महिन्यात किंवा लग्नाआधी. ‘तात्पुरतं’ या सरकारी शब्दाचंही तसंच झालंय. सप्टेंबर २०२१ मध्ये उच्च न्यायालयानं हुसेनसागरात प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती विसर्जित करायला मनाई केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, वेळ कमी उरला म्हणून ‘यंदा शेवटचं’ अशी मुभा मिळाली. २०२४ मध्ये खैरताबादचा गणपती सत्तर फुटी होता, पुढच्या वर्षी एकोणसत्तर. क्रेन दोन्ही वर्षी तलावाच्या काठाला होत्या.

आमच्या शेजारच्या गौळीगुड्याचं उदाहरण तर सुरेख आहे. विमानं ठेवायला अमेरिकेहून आणलेला पत्र्याचा हँगर. निजामाच्या वाहतूक खात्यानं १९३२ मध्ये २७ बसगाड्या घेऊन सेवा सुरू केली, तेव्हा त्याचा बसस्टँड झाला. जुलै २०१८ मध्ये तो कोसळला. सुदैवानं तेव्हा आत कोणी नव्हतं. सुट्या भागांचा सांगाडा, नटबोल्ट काढून कुठंही हलवता आला असता. आठ दशकं कोणी हलवला नाही. उलटही घडतं म्हणा. १९११ मध्ये पंचम जॉर्ज मुंबईत अपोलो बंदरावर उतरला तेव्हा त्याला गेटवेची पुठ्ठ्याची प्रतिकृती दिसली असं सांगतात. पक्कं गेटवे १९२४ मध्ये तयार झालं. त्याच्याच बाजूला, रेडिओ क्लबपाशी होणाऱ्या नव्या जेट्टीवरून २०२५ मध्ये कुलाब्याचे रहिवासी उच्च न्यायालयात गेले आणि हरले. ती जेट्टी निदान कायमची आहे असं प्रामाणिकपणे सांगितलं गेलं. भांडायचं कशाशी हे लोकांना कळलं.

काढून घेणं जमत नाही असंही नाही. गोव्यात किनाऱ्यावरचे शॅक दर पावसाळ्याआधी उतरवावे लागतात. त्यावरून कटकटी होतात, कोर्टकचेऱ्या होतात, पण जूनमध्ये येणारा समुद्र हा तिथला खरा अंमलबजावणी अधिकारी. त्याला तारीख वाढवून मागता येत नाही.

मुसीचंही तेच आहे, आणि म्हणून हुसेनसागरावर मी हो म्हणेन तसं मुसीत म्हणणार नाही. तलावाची पातळी इंचांनी हलते, नदीची रातोरात. २८ सप्टेंबर १९०८ चा पूर अफझलगंजाला सांगायला नको. उस्मानिया दवाखान्याच्या आवारातल्या चिंचेवर चढून दीडेकशे माणसं वाचली, ती चिंच आम्ही लहानपणी पाहुण्यांना दाखवायला न्यायचो. त्या पुरानंतर निजामानं अभियंते विश्वेश्वरय्यांना बोलावलं. आम्हा मराठी घरांत त्यांच्याबद्दल जरा आपलेपणा असायचा, कारण ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकले, मुंबई इलाख्यात नोकरी केली, खडकवासल्याचे आपोआप उघडणारे दरवाजे त्यांचे.

त्यांनी काय केलं? नदी पाहण्याआधी नदीच्या वरचं पाहिलं. पाणलोटातले तलाव मोजले, ७८८ निघाले. त्यांतले २२१ त्या पावसात फुटले होते. शहरावर आलेलं पाणी फक्त आभाळातून पडलेलं नव्हतं, फुटलेल्या तलावांची लांबलचक माळच खाली आली होती. म्हणून त्यांनी काठावर भिंती वाढवण्यापेक्षा वर दोन धरणं सांगितली. उस्मानसागर १९२० मध्ये पुरा झाला, हिमायतसागर १९२७ मध्ये. तेव्हापासून मुसी आपली आपण वाढत नाही, कोणीतरी चावी फिरवल्यावर वाढते. नदीकाठाची सगळी चित्रं काढताना हे विसरलं जातं. त्यांत दिसणारं पाणी हे कोणा अभियंत्यानं त्या क्षणी धरून ठेवलेलं पाणी असतं.

ते सुटतं तेव्हा काय होतं हे सप्टेंबर २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात दिसलं. वरच्या धरणांचे दरवाजे उघडले आणि मध्यरात्री महात्मा गांधी बसस्थानकात पाणी शिरलं. फलाटांवरच्या प्रवाशांना दोर धरून बाहेर काढावं लागलं. १९९४ मध्ये सुरू झालेलं हे बसस्थानक नदीच्या दोन धारांमधल्या बेटावर आहे हे अनेकांना त्या रात्री पहिल्यांदा कळलं. काँक्रीटच्या स्थानकाचं हे, तर प्लॅस्टिकच्या डब्यांच्या धक्क्याचं काय? दोर तुटला की तो आणि त्याच्या बोटी पुढच्या पुलाच्या खांबांत जाऊन अडकणार. पूल तुंबणार. मग पाणी दोन्ही बाजूंनी वस्तीत शिरणार.

तेव्हा मुसीत कोणाला हौस असेलच तर परवान्याची पहिली अट मी अशी लिहीन: हिमायतसागरच्या दरवाजांवर बसलेल्या माणसाचा फोन आल्यापासून किती वेळात सगळा धक्का सुटा होऊन काठावर येतो ते पावसाळ्याआधी करून दाखवा. घड्याळ लावून, रात्री, लोकांसमोर. पाणी वरून नयापुलापर्यंत यायला जितका वेळ घेतं त्याच्या निम्म्यात जमलं तर बोटी आणा.

बसस्थानकाच्या त्या बेटाला जुनी माणसं अजून इमलीबन म्हणतात. चिंचेचं बन. तिथं आता चिंचा नाहीत.